फुग्याखालची नदी

११ जानेवारी

खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी आज उघडली. प्रत्येक पानाखाली केळीला कुठलं खत कधी द्यायचं ते छापलंय. माझा त्याच्याशी काही संबंध नाही, पण कागद चांगला आहे.

लिहायचं कारण मोठं आहे. ताप्तीच्या काठी, घाटाला अगदी खेटून, एकोणीस मजली इमारत येणार. नाव 'ताप्ती-दर्शन हाइट्स'. नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, फाटकावर नोटीस लागलीय की नागरिकांनी हरकती व सूचना लेखी द्याव्यात. तहसील कचेरीत मी छत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. 'लेखी द्याव्यात' वाचलं की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. कागदाला एकदा आवक नंबर पडला की तो कुणाच्या बापाला गिळता येत नाही.

संध्याकाळी आठ जण जमले आणि 'ताप्ती-काठ बचाव समिती' झाली. संयोजक मी. दुसरं कोण होणार? बाकीच्यांना अर्जाला समास सोडायचा असतो हेसुद्धा ठाऊक नाही.

कार्यालयाचा प्रश्नही सुटला. आमच्या इतवाऱ्यातल्या घराच्या खालच्या खोलीत सुताचं गोदाम होतं, ते परवाच रिकामं झालं. वैजयंती म्हणाली, "खोली बरी आहे. सकाळचं ऊन येतं. एक खाट सहज मावेल." मी म्हटलं, खाट कशाला, टेबल आणि बारा खुर्च्या मावतात, मोजलंय मी. ती चहाचा कप उचलून आत गेली. तिला पटलं असावं.

१६ जानेवारी

हरकतीचा छापील अर्ज तयार केला. रकाने: नाव, वय, व्यवसाय, प्रस्तावित इमारतीपासूनचं अंतर, हरकत, सूचना. पेटी दाराशी ठेवली. दिवसभरात तीन अर्ज आले, पैकी एकात गॅस सिलिंडर वेळेवर येत नाही अशी तक्रार. नंबर टाकला. नियम म्हणजे नियम.

वैजयंतीने विचारलं, "त्या इमारतीला लिफ्ट असणार का हो?" मी तिला अर्धा तास समजावलं की लिफ्ट हा विषयच नाही, नदी दिसण्याचा नागरिकांचा हक्क हा विषय आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण असेलच. एकोणीस मजले म्हणजे असेलच."

२० जानेवारी

खरी अडचण आज कळली. लोकांना एकोणीस मजले म्हणजे किती उंच ते कळतच नाही. एक जण म्हणतो पाण्याच्या टाकीएवढी, दुसरा म्हणतो किल्ल्याएवढी. ज्याची उंची डोळ्यांपुढे येत नाही त्यावर हरकत तरी काय घेणार?

तोडगा चंदनने काढला. चंदनचं टेंट हाउस आहे, लग्नाचा मांडव घालणं हा त्याचा धंदा, आणि बोलतो फार. "दादा, माझ्याकडे मोठा गॅसचा फुगा आहे. साड्यांच्या सेलला वर सोडतो तो. दोरी एकशे नव्वद फूट बांधू, जागेवर खुंट ठोकू, सोडून देऊ. बघा म्हणावं, एवढं उंच." मी त्याला पहिल्यांदाच शाबासकी दिली.

२३ जानेवारी

फुगा वर गेला. सव्वाशे माणूस जमलं होतं. फुगा लाल, आणि त्यावर चार फुटी अक्षरांत 'आपका हार्दिक स्वागत है'. मी चंदनला म्हटलं, अरे, आपण विरोध करून राहिलोय ना? तो म्हणाला, "दुसरा नाही ना दादा. 'शुभ विवाह'वाला होता, तो पंक्चर आहे."

तरी परिणाम झाला. सगळे मान वर करून उभे होते. मग मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, तिथून तर आमचं माहेर दिसेल." भाषणाचा सूर गेला माझ्या.

घरी आलो तर वैजयंती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी. "दिसला," म्हणाली. "त्या दोन गच्च्यांच्या मधून दिसतो. त्याच्या बराबर खालीच घाट ना?" म्हटलं, बराबर खाली. ती बराच वेळ तिथेच होती. भाजी लागली. बायकोलाही चळवळीचं इतकं वेड लागलं, याचं मला बरं वाटलं.

३० जानेवारी

फुग्याचं भलतंच काहीतरी होऊन राहिलंय. पाणीपुरीवाले दोन आणि उसाच्या रसाचा एक, असे ठेले लागलेत. लग्नपत्रिकेत पत्ता छापून आला, 'फुग्यापासून तिसरी गल्ली'. नदीपलीकडे केळी लावणारा उखर्डू रोज सकाळी फुगा कुठे कलतो ते बघून फवारणी करायची की नाही ते ठरवतो. मला म्हणाला, "दादा, मोबाइलवरची हवा खोटी निघते. तुमचा फुगा खोटं बोलत नाही. इमारत आली तं फुगा कुठं ठेवसान?" म्हटलं, उखर्डू, इमारत येऊ नये म्हणूनच फुगा आहे. त्याला हे उमजेना. "मंग इमारत नाही आली तं फुगा काढसान?"

सगळ्यात संताप बिल्डरच्या माणसाचा. ललित नाव त्याचं, इंदूरचा, बोलणं तुपासारखं. त्याने फुग्याखालीच टेबल टाकलं. लोक येतात, वर बघतात आणि त्याला विचारतात, चौदावा किधर आएगा? तो बोट दाखवतो. वर मलाच म्हणाला, "अंकलजी, आपने बहुत मदद की."

आमच्या ऋषिकेशचा फोन आला इंदूरहून. "बाबा, आईचं काय म्हणणं आहे?" म्हटलं, आई पूर्णपणे समितीच्या बाजूने आहे, रोज खिडकीतून फुग्यावर लक्ष ठेवते. तो म्हणाला, "बाबा, तिला खाली कधी नेणार?" चळवळीच्या धामधुमीत बायकांना कुठे न्यायचं? सुनावणी होऊ दे म्हटलं.

४ फेब्रुवारी

नवा उपद्रव. कुणीतरी नवस बोलून फुग्याच्या दोरीला गाठ मारली आणि त्याचं हरवलेलं बकरं सापडलं. आता रांग लागतेय. दोरी खाली ओढायची, तिचा फास करून गाठ मारायची, गाठीत लाल धागा अडकवायचा, नारळ फोडायचा. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या आशाबाईने पोरीच्या लग्नासाठी मारली.

मी हे असलं मानत नाही. पण वैजयंतीने धागा हातात दिला. "माझ्या नावाने एक गाठ मारून या." ती सहसा काही मागत नाही. विचारलं, कशासाठी? म्हणाली, "नवस सांगत नसतात." आंदोलनाच्या यशासाठी असणार, दुसरं काय असणार? कोणी ओळखीचं दिसत नाही असं बघून मारून आलो. गाठ क्रमांक छप्पन्न.

११ फेब्रुवारी

घोटाळा. फुगा खाली आलाय.

गॅस नाही गेला, मी तपासलं. गाठी. एकेका गाठीत दहा-दहा इंच दोरी खर्ची पडते. आज सकाळपर्यंत गाठी एकशे तेरा. हिशेब केला तर चौऱ्याण्णव फूट दोरी नवसात गेली. म्हणजे एकोणीस मजल्यांची इमारत साडेनऊ मजल्यांवर आली, आणि ललित लोकांना सांगतोय, "देखिए, इतनी ही तो है." लोक मान डोलावतात. गेल्या तीन दिवसांत हरकतीचा एक अर्ज नाही, आणि दोन परत मागायला आले.

समितीत ठराव मांडला की गाठी सोडाव्यात. कुणाचा हात वर होईना. दुसऱ्याचा नवस कोण सोडणार? चंदन म्हणाला, "दादा, पाप लागेल." मी म्हटलं, पाप माझ्या नावावर लिहा, आवक नंबर टाका आणि विषय संपवा.

१२ फेब्रुवारी

सकाळी सहाला गेलो. चंदन आणि उखर्डूने डोळे मिटून दोरी ओढून धरली आणि मी गाठी सोडत गेलो. नखं तुटली. फुगा एकेक हात वर चढत होता, मला फार समाधान वाटत होतं. छप्पन्नावी गाठ आली तेव्हा थोडा थांबलो. धागा घरचा होता, ओळखला. पण नियम सगळ्यांना सारखा. सोडली.

एकशे तेरा झाल्या. तेवढ्यात आणखी एक दिसली, अगदी खाली, भलतीच घट्ट. हीसुद्धा कुणीतरी कालच मारलेली असणार म्हणून जोर लावला. ती खुंटाची गाठ होती.

चंदनने डोळे उघडले तोवर दोरी त्याच्या हातातून सरकून गेली होती. उखर्डू म्हणाला, "वारा नैर्ऋत्येचा आहे दादा. आज फवारणी नको."

घरी आलो. वैजयंती खिडकीत होती. "गेला ना," म्हणाली. मी सगळा प्रकार सांगितला. सगळ्यांच्या गाठी सोडल्या, आपलीही सोडली, पक्षपात केला नाही, हेही सांगितलं. तिने पोळपाट उभा करून ठेवला आणि आत जाऊन पडली. जेवण मी वाढून घेतलं.

१४ फेब्रुवारी

फुगा चांदनी गावात सापडला, स्टेशनजवळच्या बाभळीवर. गावकरी द्यायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, फुग्यावरच स्वागत लिहिलंय, आमच्या गावाला असा बोर्ड कधीच नव्हता.

इकडे एकशे तेरा नवसवाले माझ्या दारात. आशाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "दादा, पाहुणे येऊन गेले होते हो, पसंती झाली होती. तुम्ही गाठ सोडली आन् काल निरोप आला, नाही म्हणून." मी म्हटलं, यात कार्यकारणभाव नाही. ती म्हणाली, "मग तो भावच आणून द्या."

समितीच्या फळ्यावर कुणीतरी लिहून गेलंय, 'पहले फुगा लाओ'.

वैजयंती खिडकीत उभी राहत नाही आता. भाजी लागत नाही, पण चवही नाही.

१८ फेब्रुवारी

सुनावणी झाली. मी बावन्न मिनिटं बोललो. मुद्दा एकच: ही भिंत उभी राहिली तर अर्ध्या शहराला ताप्तीचं दर्शन होणार नाही.

ललित उठला. हात जोडून म्हणाला, गंगेला स्नानाचं पुण्य, नर्मदेला दर्शनाचं, पण ताप्तीमाई एवढी दयाळू की नुसत्या स्मरणाने पावते, हे इथलं लेकरूही जाणतं. मग दर्शन अडलं तर नागरिकांचं नुकसान काय? ताप्तीचं स्मरण करायला हमारी बिल्डिंग कुणालाच अडवत नाही.

सभागृहात टाळ्या पडल्या. आमच्या बाजूच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. अधिकाऱ्याने डोळे मिटून हात जोडले, बहुधा स्मरणच केलं, आणि लेखी हरकतींसाठी चोवीस तारखेपर्यंत मुदत दिली.

घरी येऊन रागारागाने सगळं सांगितलं. म्हटलं, नुसत्या स्मरणावर माणसाने राहायचं? वैजयंती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी राहतेच की." मी म्हटलं, बघ, तुझ्यासारख्या भाविकांमुळेच त्याचं फावतं. यावर ती हसली. का ते कळलं नाही.

२१ फेब्रुवारी

मुदत जवळ आली म्हणून पेटीतले सगळे अर्ज छाननीला घेतले. दोनशे तेरा. एकशे चाळीस अर्ज 'फुगा परत आणा' एवढेच. माझा स्वतःचा अर्ज अजून भरायचा राहिलाय, वेळच मिळाला नाही.

एकशे एकोणनव्वदावा अर्ज हातात आला. अक्षर आमच्या वाण्याच्या यादीतलं; आशाबाईच्या हातून पेटीत आला असणार. जसाच्या तसा उतरवतो.

नाव: सौ. वैजयंती दत्तात्रय महाजन. वय: ६४. व्यवसाय: घरकाम. इमारतीपासूनचं अंतर: सतरा पायऱ्या आणि मग दहा मिनिटं. हरकत: नाही. सूचना: इमारत झाली काय, न झाली काय, मला सारखंच. फुगा मात्र परत लावावा. तो दिसला की त्याच्याखाली नदी आहे एवढं तरी कळतं. दोन वर्षं आठ महिने मी घाटावर गेले नाही. गुडघे जिना उतरू देत नाहीत. खालची खोली मला मिळेल का विचारणार होते, पण तिथे समिती आहे.

पहिल्यांदा मनात आलं की अंतर मीटरमध्ये लिहायला हवं होतं. खरंच आलं, खोटं कशाला लिहू. पेनाने रकान्याभोवती गोलसुद्धा केला.

मग पेन ठेवला. दोन वर्षं आठ महिने. मी या काळात रोज सकाळी घाटावर गेलोय. परत येऊन तिला सांगायचो, आज पाणी गढूळ आहे, आज स्वच्छ आहे. ती विचारायची म्हणून सांगायचो. मला वाटायचं, बायकांना सवय असते विचारायची.

लाज वाटली. एवढी लाज छत्तीस वर्षांत कुठल्याच साहेबासमोर वाटली नव्हती. छप्पन्नावी गाठ कशाची होती ते तिला आता विचारायची गरज नाही, आणि ती मी माझ्याच नखांनी सोडली.

२२ फेब्रुवारी

सकाळी म्हटलं, "चल, घाटावर जायचंय." ती म्हणाली, "माझा अर्ज वाचलात वाटतं." मी हो म्हटलं. ती थांबली नाही, साडी बदलायला गेली.

चंदन आणि उखर्डूला खुर्चीसकट बोलावलं होतं, पण आमच्या जिन्याला वळण आहे, त्यात खुर्ची फिरत नाही. शेवटी ती बसून-बसून उतरली, एकेक पायरी. मी पुढे, पाठमोरा. सोळाव्या पायरीवर म्हणाली, "अहो, तुम्ही पडाल." पंचवीस मिनिटं लागली. मी रोज अर्ध्या मिनिटात उतरतो.

खाली तिला समितीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मी, चंदन, उखर्डू आणि समोरच्या पावरलूमवरचा एक कारागीर अशा चौघांनी उचलली. इतवाऱ्यातून निघालो. लोकांनी मला पाहिलं, खुर्ची पाहिली, आणि मोर्चाच निघाला असं धरून मागे लागले. भाजीबाजारापर्यंत तीस जण होते. कुणी घोषणा सुरू केली, "ताप्ती हमारी है", मागून उत्तर आलं, "फुगा वापस दो." एकाने वैजयंतीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. तिने ती काढली नाही. मला म्हणाली, "एवढी माणसं रोज जमतात होय तुमच्याकडे? मग तुम्हाला घरी यायला उशीर होणारच."

घाटावर ललितचं टेबल होतंच. तो धावत आला. "माताजी, हमारे यहाँ लिफ्ट है." तिने विचारलं, "दरवाजा किती रुंद? खुर्ची मावते?" त्याने नकाशा उलटापालटा केला. ती म्हणाली, "मोजून ठेवा. मी परत येईन."

मग खुर्ची शेवटच्या पायरीवर ठेवली. तिचे पाय पाण्यात. साठ-सत्तर माणसं मागे घोषणा देत होती, ती एकेक करून पायऱ्यांवर बसली. कुणी सांगितलं नव्हतं. वैजयंती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी मागे सरलंय थोडं. तुम्ही सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती म्हणाली, "ते माहितीय." तिचा एक हात माझ्या हातावर होता, तो तिने काढला नाही.

परत आल्यावर ती जिन्याकडे बघायलाही तयार नाही. म्हणाली, आज खालीच झोपते. बारा खुर्च्या बाहेर काढल्या, खाट आणली. सहज मावली.

२३ फेब्रुवारी

समितीचं कार्यालय वरच्या मजल्यावर हलवलं. पाच वाजता बैठक बोलावली. सहापर्यंत मी एकटाच. खालून हसण्याचे आवाज येत होते. गच्चीतून वाकून पाहिलं तर अख्खी समिती वैजयंतीच्या खाटेभोवती चहा पिऊन राहिलेली. मी हाक मारली. चंदन वर बघून म्हणाला, "दादा, तुमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. इथेच या ना तुम्ही."

आशाबाईचं त्या पाहुण्यांशी पुन्हा बोलणं सुरू झालंय म्हणे. तीही तिथेच होती.

मी खाली गेलो. मला चहा मिळाला, खुर्ची मिळाली नाही.

२४ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. दोनशे तेरा अर्ज दोरीत बांधून नगर निगममध्ये नेले. वाटेत पानाच्या ठेल्यावर उभं राहून माझाही भरला, दोनशे चौदावा.

वय ६९. व्यवसाय निवृत्त. अंतर: सतरा पायऱ्या. हरकत: माझ्या घरातल्या माणसाला दोन वर्षं आठ महिने नदी दिसली नाही आणि संयोजकाला ते दिसलं नाही. सूचनेचा रकाना रिकामा ठेवला.

खिडकीवरचा बाबू नवा होता. भराभर शिक्के मारत शेवटच्या कागदाशी थांबला. दोनदा वाचला. "बाबूजी, बिल्डिंगचं तर यात नावच नाही. ये किसके खिलाफ है?"

मी म्हटलं, "माझ्या. आवक नंबर टाका."